सत्तेचाळिसाव्या फेरीतला लाल दोरा

दिनांक १९ जानेवारी १९९८, सोमवार, सकाळी साडेसात. स्थळ: बडोद्यातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर.
हजर: मी (सुनंदा, वय सेहेचाळीस), माझे यजमान श्रीकांत, कॉलेजात जाणारी मुलगी मुक्ता, आणि सासूबाई, म्हणजे माई.
गैरहजर: माझे दोन्ही पाय.

आज हे लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. उत्तरायण होऊन पाच दिवस झाले होते. दोन दिवसांपासून पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. गच्चीवर पतंगांच्या गडबडीत अनवाणी फिरले, त्याचं असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या सकाळी ओट्यापाशी डबे भरत होते आणि पाय निघून गेले. घसरले नाहीत, दुखलेही नाहीत. पाण्यात बसावं तशी मी सावकाश फरशीवर बसले.

"अगं, खाली काय शोधतेस?" श्रीकांत म्हणाले.

"पाय," मी म्हटलं.

हे लिहायला मला हिनाबेननी सांगितलं. हिनाबेन म्हणजे मला व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडे याच आजाराच्या दोन नवीन बायका आल्या आहेत. "तमे लखो ने, सुनंदाबेन. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील," असं त्या म्हणाल्या. म्हणून लिहिते.

एकोणीस

आजाराचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: जी.बी.एस. अर्थ एवढाच, की शरीर चुकून स्वतःच्याच नसांवरचं आवरण कुरतडायला लागतं. पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं. बऱ्याचदा आधी पोट बिघडलेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून श्रीकांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "उत्तरायणातल्या उंधियूने केलं."

वर चढत चढत ते छातीपर्यंत जाऊ नये, ही भीती होती. ती मोजायची डॉक्टरांची पद्धत फार साधी होती. इस्पितळात सकाळ-संध्याकाळ ते खाटेशी येऊन म्हणत, "मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा."

मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. बाजव्याकडच्या एका रसायनांच्या कंपनीत मी स्टोअर्स सांभाळते: काचसामान, बाटल्या, झाकणं, बूच. हजार नग मोजताना मी चुकत नाही. पहिल्या संध्याकाळी एकतीसपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस. संध्याकाळी एकोणीस.

खाटेभोवती तिघं उभी असत. मी मोजायला लागले की त्यांचेही ओठ हलत. मी थांबले तरी श्रीकांतचे ओठ पुढचे आकडे म्हणत राहत, वीस, एकवीस, बावीस, जणू तेवढे त्यांनी माझ्या खात्यात टाकले असते तर चाललं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाराच्या खाली आले तर श्वासाचं यंत्र. तोवर हातही गेले होते. मी नुसती पडून छताकडे बघत होते, आणि छत कधी जवळ यायचं, कधी ढगासारखं लांब जायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस. संध्याकाळी एकोणीस. चौथ्या दिवशी बावीस. माईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हं. आजार फिरला."

इस्पितळातले पुढचे दिवस सगळे एका रंगाचे आहेत. साडेपाचला थर्मामीटर, सहाला अंग पुसणं, चारला चहा. चहा चमच्याने पाजणारी आया प्रत्येक चमच्याआधी फुंकर घालायची, चहा थंड असला तरी. या आजारात अशा गोष्टी लक्षात ठेवा. मोठ्या उपकारांचे आभार मानता येतात, त्या फुंकरीचे कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी

फेब्रुवारीत घरी आले. धरून दोन पावलं टाकता येत होती. पाऊल कापसावर पडल्यासारखं वाटे. मनगटापर्यंत हात परतले होते, बोटं मात्र कुणाची तरी उसनी आणल्यासारखी होती. वाटी धरली आहे की नाही, ते बघावं लागे.

आमच्या फ्रिजवर लग्नापासून माझी यादी असते. आधी फ्रिज नव्हता तेव्हा कपाटावर असे. प्रत्येकाच्या नावाखाली कामं आणि झाल्यावर बरोबरची खूण. आता मी सांगायची आणि श्रीकांत लिहायचे. त्यांच्या अक्षरात माझी यादी म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं. खंडेराव मार्केटमधून आणायची भाजी मी सांगितली तशीच लिहीत, आणि आणत वेगळीच.

बोटांना काम द्या, असं हिनाबेननी सांगितलं. "कंई पण. पण रोज."

मुक्ताने तिचा हातातला व्हिडिओ गेम आणून दिला. पावाच्या स्लाइसएवढा, करडा, वरून विटा पडतात तो. वीट फिरवायची, सरकवायची, ओळ भरली की ती नाहीशी होते. दोन बटणं, दोन अंगठे. माईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि त्यातून चार बारीक सुया काढल्या. बडोद्याच्या राज्याच्या काळात मुलींच्या शाळेत त्यांना मोजे विणायला शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पिकायची वाट बघत होतो. माणूस दारात उभं राहिलं तर त्या आधी "कोण?" विचारत. पण छपन्न टाके त्यांनी बोलता बोलता सुयांवर घातले.

"पायाला गार लागतं म्हणतेस ना? मोजा वीण."

"माई, बडोद्यात मोजे? दोन महिन्यांत उन्हाळा येईल."

"येऊ दे. तुझे पाय अजून जानेवारीतच आहेत."

खरं होतं ते. मांडवीतल्या दुकानातून मुक्ताने राखी लोकर आणली आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या. त्या दुपारींसारखं काही मी आयुष्यात अनुभवलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं माझी दुपार कंपनीच्या जेवणाच्या भोंग्याने कापलेली असायची. आता ती तुटतच नव्हती. खिडकीबाहेर विजेच्या तारेला उत्तरायणातला एक गुलाबी पतंग अडकला होता. त्याची सावली भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत जायची तेव्हा चार वाजलेले असत. माई शेजारी जुने कपडे रफू करत बसत. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने भोकाची कड चाचपून. मी एक टाका घ्यायची, मग दुसरा. मध्येच डोळा लागे आणि बंद पापण्यांआड विटा पडत राहत, सावकाश, आवाज न करता. कधी मांडवीच्या चौकातल्या जुन्या मंडपाच्या चारी बाजूंच्या कमानी त्या विटांनी भरत येत, शेवटची वीट बसली की सगळी मांडवी हलकेच नाहीशी होई आणि तिथे नुसतं ऊन उरे. मी जागी होई तेव्हा सुई हातातच असे.

पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली. अठ्ठावीस टाके, त्यातले नऊ सुटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिवसाउजेडी पाहिलं आणि सुया बाजूला ठेवल्या. त्या दिवशी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उचलून पाहिलं तर इतकं वाईट नव्हतं. आपण थकलेल्या डोळ्यांनी पाहिलं असेल, असं मला वाटलं.

दोन रकाने

मार्चच्या अखेरीस तपासणीला गेलो तेव्हा मी मोजा बरोबर नेला. रोज संध्याकाळी श्रीकांतना सांगून मी वहीत दोन रकाने भरत होते: आजच्या फेऱ्या, आणि गेममधले सगळ्यात जास्त गुण. अर्ध्या फेरीवरून मी दिवसाला दोन फेऱ्यांवर आले होते. एकही टाका सुटलेला नव्हता.

डॉक्टरांनी माझी बोटं दाबून पाहिली. "पकड तर अजून कमी वाटते," ते म्हणाले. मग मोजा हातात घेऊन उलटसुलट केला. "पण हे तुम्ही विणत असाल तर छानच. मे महिन्यात कामाला जायला हरकत नाही."

मी कंपनीला पत्र पाठवलं: सोमवार, ४ मे, रुजू होते. फ्रिजवर माझ्या नावाखाली ते लिहून घेतलं. लिहिताना श्रीकांतचा हात किंचित थांबला. मला वाटलं, 'रुजू'तलं ऱ्हस्व-दीर्घ आठवत असतील.

एप्रिल लागला. पतंग गुलाबीचा फिका झाला होता. एका दुपारी मुक्ताला म्हटलं, वही वाच. ती वाचत गेली. "फेऱ्या दीड, गुण अकराशे. फेऱ्या दीड, गुण अकराशे. फेऱ्या दोन, गुण अकराशे. आई, तू गेममध्ये एकदम ढ आहेस गं."

ती गेली आणि मी तशीच पडून राहिले. आमच्या कामात एक नियम आहे: एकाच मालाच्या दोन नोंदी जुळत नसतील तर दोन्हींवर विश्वास ठेवायचा नाही, रॅकपाशी जाऊन बघायचं. त्याच दहा बोटांनी मी विणत होते आणि त्यातल्याच दोन अंगठ्यांनी खेळत होते. एक रकाना चढत होता. दुसरा सहा आठवडे जागचा हलला नव्हता. आणि गेमला माझी दया येण्याचं काही कारण नव्हतं.

स्टोअर्समध्ये माझ्या मागच्या रॅकवर आम्लाच्या काचेच्या बरण्या असतात. त्या मी स्वतः उतरवते. ४ मेला तीन आठवडे होते.

संध्याकाळी सत्तेचाळिसावी फेरी संपली. मुक्ताला जवळ बोलावलं. "या शेवटच्या फेरीत एक लाल दोरा ओवून ठेव. का ते विचारू नकोस आणि कुणाला सांगू नकोस." मालाला गुपचूप खूण करायची ही आमची जुनी पद्धत. मग मोजा नेहमीसारखा टोपलीत ठेवला.

सकाळी पाहिलं तर सत्तेचाळीस फेऱ्या होत्या. मोजून पाहिल्या. सगळ्या सरळ, सगळ्या घट्ट. लाल दोरा टोपलीच्या तळाशी पडला होता.

दोरा

श्रीकांत कामाला आणि मुक्ता कॉलेजात गेल्यावर मी माईंना हाक मारली.

"माई, हा दोरा काल सत्तेचाळिसाव्या फेरीत होता."

"कुठला दोरा?"

"लाल."

माईंनी हात पुढे केला. मी तळहातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत फिरवून पाहिला. "दिसला असता तर परत ओवला असता," त्या म्हणाल्या.

मला चिडायचं होतं.

"रोज?" मी विचारलं.

"पहाटे. तू उठायच्या आत. उसवायचं नि तेवढंच परत विणायचं. विणायला डोळे लागत नाहीत."

"का पण? मी हे डॉक्टरांना दाखवलं. कंपनीत पत्र गेलं. माझ्या हातातून बरणी सुटली असती म्हणजे?"

"ते पत्राचं मला नंतर कळलं." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "पहिल्या दिवसाचं विणलेलं बघितलंस आणि दिवसभर जेवली नाहीस. मी नीट केलं. दुसऱ्या दिवशी तू दोन पोळ्या खाल्ल्यास. मग मी काय करायचं होतं, तूच सांग."

"मला सांगायचं."

"तुला सांगायचं? वीस वर्षं तुझी यादी आहे त्या फ्रिजवर. माझ्या नावाखाली काय असतं? औषध. फिरणं. विश्रांती. तू पडलीस तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, या घरात मला काहीतरी काम आहे."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा बोलल्या.

संध्याकाळी मी श्रीकांतना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी फक्त आकडे लिहितो," ते म्हणाले. मग हळूच, "पहाटे पाणी प्यायला उठलो होतो एकदा. आई विणत होती. तू झोपेत हसत होतीस. मला दोन्हीतलं काहीच मोडवेना."

मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. असा आजार आलेल्या घरांतल्या माणसांसाठी हे मुद्दाम लिहिते. आजारी माणसाला खोटा धीर देऊ नका, असं सगळे सांगतात. बरोबर आहे. पण त्या खोट्या फेऱ्यांच्या जोरावर मी सहा आठवडे जेवले, हेही बरोबर आहे. मला हे दोन रकाने आजही जुळवता आलेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग घाई नको." श्रीकांतनी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. यादीतल्या ४ मेवर मी स्वतः काट मारली. पेन मुठीत धरून मारली, त्यामुळे ती कागद फाडून खालच्या ओळीपर्यंत गेली.

मला सगळा मोजा उसवायचा होता. माईंनी तो मागे ओढला. "हे राहू दे. इथून पुढे तुझं वाकडं असेल ते वाकडं राहील. मी हात लावणार नाही."

"शपथ?"

"शपथ कशाला? दुसऱ्या सुया आण. उजवा मी विणते, डावा तू वीण. काम असलं की हात शिवशिवत नाहीत."

डावा आणि उजवा

वैशाखात, पंखा पाचावर ठेवून, आम्ही दोघी लोकरीचे मोजे विणत होतो. हिनाबेन आल्या की दारातच कपाळावर हात मारत. "बे गांडी," म्हणजे दोघी वेड्या, असं म्हणत, आणि मग माझ्या बोटांच्या चिमटीत कागद ठेवून तो ओढून बघत. कागद रोज सुटे.

माझा मोजा कुरूप होत गेला. वरचा अर्धा दुकानातल्यासारखा आणि खाली जाळं. आता सकाळी तो उचलायची भीती वाटत नव्हती. काल होता तसाच आज असे, त्याचंही एक सुख असतं.

मग टाच आली. टाचेशी विणकाम वळतं, अर्धेच टाके चालवायचे, पुढे-मागे. मी मुक्ताला वही घेऊन बसवलं. "माई, पायरी पायरीने सांगा. एक नंबर?"

"टाच लिहून घेता येत नाही," माई म्हणाल्या. "धर." आणि मागून येऊन त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवले.

आमच्या चार हातांनी ती टाच वळली. टाके मी डोळ्यांनी मोजत होते, त्या बोटांनी. मला ना सुई कळत होती ना लोकर. पण कधीतरी मध्येच लक्षात आलं की उजव्या हाताच्या मागच्या बाजूला ऊब आहे. उन्हाची नव्हे; ऊन पायांवर होतं. मी काही बोलले नाही, ती जाईल म्हणून. आम्ही विणत राहिलो आणि ती गेली नाही.

जूनमध्ये एका दुपारी गेममध्ये साडेतेराशे झाले. माई आतल्या खोलीत होत्या. रोज हरल्यावर वाजणारी धून ऐकून त्या तिथूनच "हरलीस" म्हणत. त्या दिवशी बराच वेळ धून वाजलीच नाही.

"झोपलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. खेळतेय."

"अजून?"

"अजून."

तारेवरचा पतंग तोवर पांढरा झाला होता. एक दिवस पाहिलं तर नव्हताच. केव्हा गेला ते कळलं नाही. मुंग्याही तशाच गेल्या, केव्हा ते सांगता येत नाही.

जुलैत अर्धा दिवस कामावर जाऊ लागले. पहिले दोन महिने फक्त रजिस्टर. बरण्यांना हात लावणार नाही, असं मी स्वतःच वरिष्ठांना लिहून दिलं.

शिल्लक

दिवाळीनंतर माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा मोज्यांची जोडी मागितली. उजवा बाजूला ठेवला आणि डावा खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.

"हे खालचं कुणी विणलं?"

"मी."

"दिसतंय," त्या म्हणाल्या.

थंडीभर मी ते मोजे घरात घालून फिरले. स्वयंपाकघर, गॅलरी, दारापर्यंत, परत. परवा डाव्या मोज्याच्या टाचेला भोक पडलेलं दिसलं. उजवा शाबूत आहे. मी ते भोक सगळ्यांना दाखवत फिरले. हिनाबेननाही दाखवलं. भोक पडायला माणसाला चालावं लागतं.

फ्रिजवरची यादी आता मीच लिहिते. माईंच्या नावाखाली चार कामं असतात, आणि विश्रांती त्यांना हवी तेव्हा त्या घेतात. काल त्यात एक ओळ त्यांनी घातली, नव्या डोळ्यांनी, मोठ्या अक्षरात, माझ्या नावाखाली: डावा मोजा, टाच, रफू.

आज दुपारी बसले. फ्यूज उडालेला बल्ब मोज्यात घालून टाच त्यावर ताणली. राखी लोकर होतीच. मोठ्या नेढ्याची सुई घेतली. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा, एवढ्याच दोन टोकांना अजून पुरतं कळत नाही. लोकरीचं टोक नेढ्यापाशी जातं आणि बाजूने निघून जातं. सोळा वेळा केलं.

माई समोर बसल्या होत्या. आता त्यांना सगळं दिसतं. मी सुई पुढे केली.

"मी ओवणार नाही," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीखाली घालून बसल्या.

चार वाजून गेले आहेत. सुई अजून ओवायची आहे.